माती आमची, बेट त्यांचे

बेट हा शब्द निघाला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे मुरुडचा जंजिरा उभा राहतो. ते साहजिकच आहे. अरबीतील 'जझीरा' या शब्दावरूनच ते नाव रूढ झाले आणि सिद्दींचे ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे ज्या बेटाशी खरे नाते आहे ते अरबी समुद्रात नाही. ते बंगालच्या उपसागरात, आंध्र प्रदेशातील काकीनाडा बंदराच्या समोर आहे. इंग्रजांच्या काळापासून त्याला 'होप आयलंड' म्हणतात. मराठीत म्हणायचे तर आशेचे बेट.

आपल्यापैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. आलापल्लीचा लाकडाचा व्यापारी, वडशाचा धान्याचा अडत्या, चंद्रपूरच्या पठाणपुऱ्यातला सुतार मिस्त्री, यांना काकीनाड्याच्या बेटाशी काय करायचे आहे, असाही प्रश्न कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. ते बेट ज्या मातीचे बनले आहे त्या मातीचा मोठा वाटा आपल्या नद्यांनी वाहून नेलेला आहे. आपली माती तेथे पोहोचली, आपले सागवान तेथवर पोहोचले. आपले दुकान मात्र तेथे कधी पोहोचले नाही. ही गोष्ट नुसत्या भूगोलाची नाही, ती आपल्या धंद्याची आहे, म्हणून या पानावर तिचा विचार करावयाचा आहे.

बेट कसे घडले

नकाशा समोर ठेवा. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यातून निघते. वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूने उगम पावते. एक धानाच्या मुलखातून येते, दुसरी कापसाच्या काळ्या जमिनीतून येते. चामोर्शी तालुक्यात चपराळ्याजवळ दोघी मिळतात आणि तेथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. अहेरी, आलापल्लीच्या जंगलाला बाजूला ठेवून प्राणहिता दक्षिणेला सिरोंचापर्यंत जाते आणि कालेश्वरमजवळ गोदावरीला मिळते. थोडे खाली सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. त्र्यंबकेश्वरची गोदावरी मोठी खरी, पण तिला खरे पाणी मिळते ते आपल्या बाजूने.

हे सगळे पाणी भद्राचलम, पापिकोंडलूची खिंड आणि राजमहेंद्री ओलांडून समुद्राकडे जाते. धवलेश्वरमच्या खाली नदीच्या शाखा होतात. त्यांतील गौतमी शाखा यानमजवळून समुद्राला मिळते. पावसाळ्यात नदी गाळाने लाल-काळी होऊन येते. समुद्रात शिरताच तिचा वेग मोडतो आणि गाळ खाली बसतो. नैर्ऋत्य वारे चालू असतात तेव्हा पूर्व किनाऱ्यावरचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. तो ही वाळू उचलतो आणि किनाऱ्याच्या पुढे उत्तरेकडे लांबवत नेतो. अशी वर्षामागून वर्षे वाळू साचत सुमारे दोनशे वर्षांत एक लांबट पट्टी तयार झाली. तेच होप आयलंड. त्याची लांबी सुमारे १६ किलोमीटर आहे. आकार बेडकाच्या पिल्लासारखा, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे शेपटीसारखा निमुळता. वर मासेमारांची थोडी घरे आहेत, समुद्री कासवे अंडी घालायला येतात, आणि पलीकडे कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे.

दिसायला ही वाळूची पट्टी. पण काकीनाड्याला बंदर मिळाले ते हिच्यामुळे. उपसागराच्या लाटा आणि वादळाचा जोर हे बेट आपल्या अंगावर घेते आणि त्याच्या आडोशाला काकीनाड्याची खाडी शांत राहते. पूर्व किनाऱ्यावर नैसर्गिक आडोसा असलेली बंदरे थोडी आहेत. जेथे भिंत बांधायला सरकारला कोट्यवधी रुपये लागतात तेथे अल्लाहने नदीकडून फुकट भिंत बांधून घेतली.

आता दुसरी बाजू पाहा. काकीनाड्याच्या दक्षिणेला कोरिंगा नावाचे जुने बंदर होते. गोदावरीच्या मुखाशी असलेल्या या बंदरात जहाजे बांधली जात, दुरुस्त होत, आणि तेथून ब्रह्मदेशापर्यंत माणसे व माल जात असे. तेथून रंगूनला गेलेल्या तेलुगू लोकांना ब्रह्मदेशात 'कोरिंगी' हेच नाव पडले. या बंदराला १७८९ साली वादळाने झोडपले. नंतर २५ नोव्हेंबर १८३९ रोजी त्याहून भयंकर वादळ आले. समुद्र गावावर चढला. जुन्या नोंदींत तीन लाख माणसे आणि वीस हजार होड्या-जहाजे गेल्याचे आकडे दिलेले आहेत. १७८९ च्या वादळाची माहिती ज्या हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात बसून गोळा केली त्यांनीच पुढे 'सायक्लोन' हा शब्द घडवला. वादळाने जे उरले ते गाळाने बुजवले. कोरिंग्याची खाडी उथळ होत गेली आणि व्यापार काकीनाड्याला गेला.

म्हणजे एकाच नदीच्या गाळाने एका गावाचे बंदर बुजवले आणि दुसऱ्या गावाचे बंदर घडवले. व्यापाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. कोणतीही पेठ कायमची नसते. जो आज मध्यावर आहे तो उद्या कडेला पडतो, आणि जो कडेला आहे त्याचे नशीब फिरू शकते.

लाकूड आमचे, जहाज त्यांचे

आपल्या भागातील सागवान रेल्वे येण्याच्या आधीपासून बाहेर जात आले आहे. रस्ते नव्हते तेव्हा नदी हाच रस्ता होता. अहेरी-सिरोंचाच्या जंगलातील ओंडके तराफे बांधून पावसाळ्याच्या पाण्यात प्राणहितेत सोडत आणि ते गोदावरीतून राजमहेंद्रीच्या बाजूला उतरत. खाली गेल्यावर त्याच लाकडाची होडी होई, तुळई होई, घराचे दार होई. ओंडक्याला जी किंमत मिळाली ती येथे राहिली. ओंडक्याचे जे बनले त्याची किंमत तेथे राहिली. नफ्याचा मोठा हिस्सा कोणाचा, हे लाकडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

हा हिशेब दीडशे वर्षांत किती बदलला? बल्लारपूर आणि आलापल्लीच्या आगारांत लिलाव होतात. देशातले मोठे व्यापारी बोली लावतात. माल ट्रकवर चढतो आणि जातो. नाव सागवानाचे होते, गावाचे होत नाही. 'बल्लारशाचे सागवान' असे हैदराबाद-मुंबईचा फर्निचरवाला अभिमानाने ग्राहकाला सांगतो, पण ते पलंग-कपाट बल्लारशाच्या मिस्त्रीने केलेले नसते. बांबूचेही तेच. तेंदूपत्त्याचेही तेच. सिरोंचा-अहेरीचा पत्ता तेलंगणातील बिडी कारखान्यांत जातो आणि बिडीवरचे लेबल तिकडचे असते.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. बल्लारपूरच्या कागद कारखान्याने याच जंगलातला बांबू घेतला, पण कागद येथे केला. त्या कारखान्याच्या बऱ्या-वाईट गोष्टींबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. तरी त्याने कित्येक घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या हे कोणी नाकारणार नाही. सुरजागडचे लोहखनिज जिल्ह्याबाहेर न जाता जिल्ह्यातच वितळले पाहिजे, ही मागणी लोकांनी लावून धरली तीही याच कारणाने. जे लोखंडाला लागू आहे तेच लाकडाला, बांबूला आणि कोशाला लागू आहे.

सिरोंचा बंदर होता होता राहिले

आपल्या भागाला समुद्राशी जोडण्याचा एक मोठा सरकारी प्रयत्न झाला होता. तो फसला. का फसला हे व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

धवलेश्वरमचे धरण बांधणारे आर्थर कॉटन यांचे म्हणणे होते की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त पडतील. त्यांच्या विचाराचे इंजिनिअर हेग यांनी गोदावरीची पाहणी केली. समुद्रापासून वऱ्हाडाच्या कापसाच्या मुलखापर्यंत नदीने बोटी नेता येतील, मात्र वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे आहेत, असे दिसून आले. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालून बाजूने कालवा काढायचा आणि कालव्याला दारे बसवून बोटी टप्प्याटप्प्याने वर चढवायच्या, अशी योजना होती.

वेळही अनुकूल आली. १८६० साली निजामाकडून मिळालेल्या मुलखाचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला आणि सिरोंचा त्याचे मुख्य ठिकाण झाले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला होता. तो सिरोंचावरून गोदावरीने काकीनाड्याला उतरवायचा आणि जहाजावर चढवायचा, हे स्वप्न कागदावर आले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांचा या योजनेला पाठिंबा होता. काम सुरू झाले.

पुढे काय झाले? जंगलात हिवताप होता. मजूर टिकत नव्हते. खडक फुटता फुटत नव्हता. नदीला बोटीपुरते पाणी वर्षातले काही महिनेच असे. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि कापसाचा भाव उतरला. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली. कापूस पश्चिमेला वळला तो वळलाच. १८७१ साली सरकारने गोदावरी जलमार्गाचे काम सोडून दिले. १८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याचा एक तालुका झाला. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा त्या स्वप्नाची खूण म्हणून राहिला.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, एका युद्धाच्या भावावर उभा केलेला धंदा युद्धाबरोबर संपतो. हे जुने वाटत असेल तर तांदळाकडे पाहा. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात एकाएकी बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा खुली केली. तुकडा तांदळावरची सप्टेंबर २०२२ ची बंदी मार्च २०२५ मध्ये उठली. काकीनाडा हे बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीचे देशातले अग्रगण्य बंदर आहे. तेथे जहाज थांबले की त्याचा धक्का आतल्या मुलखातील गिरण्यांपर्यंत येतो. मूल, आरमोरी, वडशाच्या राईस मिलवाल्याने आपण समुद्रापासून दूर आहोत असे मानू नये. त्याच्या गोदामातील पोत्याचा भाव समुद्रावरही ठरतो.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. त्या सबंध योजनेत सरकार होते, इंजिनिअर होते, मँचेस्टरचे गिरणीवाले होते. सिरोंचाचा कारागीर आणि चांद्याचा व्यापारी कोठे होता? आपल्या नदीवर चाललेल्या कामाचा मालक दुसराच होता. त्याला गरज राहिली नाही तेव्हा तो उठून गेला. दुसऱ्याच्या गरजेवर आपली पेठ उभी करू नये, एवढेच यातून शिकायचे.

पश्चिमेचीच सवय

रेल्वे नागपूरला आली आणि आपले तोंड पश्चिमेकडे वळले. वरोऱ्याच्या कोळशासाठी १८७० च्या दशकात लोहमार्ग आला. पुढे १९२९ साली बल्लारशा-काझीपेठ मार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली-मद्रास गाड्या आपल्या दारातून जाऊ लागल्या. दक्षिणेचा दरवाजा उघडला. तरी आमची सवय गेली नाही. काही विकत घ्यायचे तर नागपूर, विकायचे तर नागपूर, मोठा विचार केला तर मुंबई. या मधल्या वाटेत दोन-तीन दलालांचे हात लागतात आणि प्रत्येक हाताला थोडे चिकटून राहते.

सिरोंचाचा शेतकरी याबाबतीत आपल्यापेक्षा हुशार निघाला. त्याची मिरची वारंगळच्या बाजारात जाते. त्याने नकाशा पाहून नव्हे तर गाडीभाडे पाहून निर्णय घेतला. सिरोंचाहून काकीनाडा हे मुंबईच्या निम्म्या अंतराच्या आसपास आहे. एकेकाळी सिरोंचा म्हणजे रस्ता संपला असे गाव होते. आता प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल झाले आहेत, आणि साकोलीपासून गडचिरोली, आष्टी, आलापल्लीमार्गे सिरोंचाला राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्त्याची अवस्था कोठे कोठे काय आहे ते ट्रकवाल्यांना विचारावे, ते चांगल्या शब्दांत सांगणार नाहीत. पण पूल आहे तेथे रस्ता आज ना उद्या सुधारतोच.

भाषेची अडचण सांगणाऱ्यांना एवढेच म्हणावे की, सिरोंचा आणि अहेरी तालुक्यांत मराठी आणि तेलुगू दोन्ही बोलणारी मुले घरोघरी आहेत. तेलंगणात उर्दूवर अर्धे काम भागते. चार भाषांत भाव करू शकणारा पोरगा आपल्या घरात बसून असेल आणि आपण नागपूरच्या दलालाला कमिशन देत असू, तर दोष नशिबाला देता येणार नाही.

कागदावरचा जलमार्ग

येथे एक इशारा देणे जरूर आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातल्या १११ जलमार्गांची यादी केली. त्यात १०९ व्या क्रमांकावर वैनगंगा-प्राणहिता आहे. काकीनाडा, राजमहेंद्री, भद्राचलम हा पट्टा त्याआधीच २००८ साली चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात आलेला होता. यादीत नाव आले म्हणजे बोट आली असे नाही. नदीत वर्षभर बोटीपुरते पाणी नाही, हे १८७१ साली कळले होते आणि ते अजून खरे आहे. 'येथे बंदर होणार, नदीकाठची जमीन घेऊन ठेवा' असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. गाठीचा पैसा अफवेत घालणे हा व्यापार नव्हे, तो जुगार आहे, आणि जुगाराबद्दल आपल्या दीनचा हुकूम सर्वांना ठाऊक आहे.

नदीवर बांधलेल्या मोठ्या कामांचा अनुभवही ताजा आहे. गोदावरीवर सिरोंचासमोर मेडिगड्डाचे धरण जून २०१९ मध्ये सुरू झाले. त्याच्या फुगवट्याचे पाणी सिरोंचाच्या शेतांत शिरल्याची तक्रार शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे केली आणि भरपाईसाठी आंदोलने केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच धरणाचे काही खांब खचले. लाभ एका राज्याचा आणि चिखल दुसऱ्या राज्याचा, असा हा प्रकार झाला. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसेल तर सिरोंचाच्या कापड दुकानात आणि किराणा दुकानात गिऱ्हाईक येत नाही. म्हणून शेतकऱ्याच्या भरपाईच्या प्रश्नात व्यापाऱ्याने त्याच्या बरोबर उभे राहिले पाहिजे.

धरणांचा परिणाम त्या बेटापर्यंतही पोहोचतो आहे. गोदावरीवर आणि तिच्या उपनद्यांवर धरणे वाढली तसा गाळ वरच अडू लागला. १९७० नंतरच्या काळात नदीमुखाशी पोहोचणारा गाळ फार घटला आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा ठिकठिकाणी मागे हटू लागला, असे अभ्यासकांना आढळले आहे. काकीनाड्याच्या उत्तरेला उप्पाडा गावाचा किनारा समुद्र खातो आहे. वरून माती येते तोवर बेट उभे राहते. पेठेचेही असेच आहे. आतल्या मुलखातून माल आणि माणूस येतो तोवर बंदर जिवंत. म्हणून बंदरवाल्यांना आपली गरज आहे, हे आपण विसरू नये. आपण नेहमी गरजवंत म्हणून त्यांच्या दारी उभे राहतो ती आपली समजूत चुकीची आहे.

काय करता येईल

नुसते रडगाणे गाऊन हे पान भरण्यात अर्थ नाही. व्यापारी आणि कारागीर बांधवांनी मनावर घेतल्यास जमण्यासारख्या चार-पाच गोष्टी येथे मांडतो.

पहिली गोष्ट, ओंडका विकू नका, वस्तू विका. लाकडाचा धंदा आता पूर्वीसारखा मोकळा नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात आदेश दिल्यापासून आरामशिनींवर कडक बंधने आली. लाकूड हलवायला वाहतूक परवाना लागतो, लाकडावर खात्याचा हातोड्याचा शिक्का लागतो. हे नियम त्रासाचे वाटतात, पण ज्याचे कागद चोख आहेत त्याला हीच ढाल आहे. लिलावातले थोडे लाकूड घेऊन त्याच्या चौकटी, पाट, पलंग, पाळणे बनवणारा मिस्त्री घनफुटावर नव्हे तर हातावर कमावतो. आपल्याकडे असे हात आहेत. आज ते दुसऱ्याच्या दुकानात रोजंदारीवर आहेत.

दुसरी गोष्ट, भागीदारी करा. मिस्त्रीकडे हुन्नर आहे, भांडवल नाही. व्यापाऱ्याकडे भांडवल आहे, हुन्नर नाही. एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या हिश्शाने आणि पैशाचे नुकसान भांडवलवाल्याचे, ही मुदारबतची रीत आपल्या बुजुर्गांची आहे. व्याजाच्या कर्जाने दबलेला कारागीर चांगले काम करू शकत नाही. पाच कारागीर आणि एक व्यापारी मिळून राजमहेंद्री किंवा काकीनाड्यात एक लहान दुकान सहा महिन्यांसाठी भाड्याने घेऊन पाहू शकतात. तोटा झाला तर तो मर्यादित राहील. नफा झाला तर वाट सापडेल. मात्र सगळे लेखी असावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआन शरीफमध्ये आहे. भाऊबंदकीतले बहुतेक तंटे तो न पाळल्याने होतात.

तिसरी गोष्ट, ग्रामसभांशी सरळ व्यवहार करा. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर जंगलाच्या व्यापाराची रीत बदलली. मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली त्या गावाला आपला बांबू स्वतः विकण्याचा परवाना हाती आला. आता गडचिरोलीतील पुष्कळ ग्रामसभा बांबू आणि तेंदू स्वतः विकतात. जुन्या ठेकेदारीची सवय असलेल्यांना हे पचलेले नाही. पण गोंड, माडिया बांधवांशी ज्याचा तराजू सरळ राहील त्याच्याच दारी पुढच्या वर्षी माल येईल. मापात मारणाऱ्यांबद्दल सूरह अल-मुतफ्फिफीन ही एक पूर्ण सूरह आहे, यावरून ही गोष्ट किती मोठी आहे ते समजावे. जंगलातल्या गावात आपली अब्रू हेच आपले भांडवल आहे. ते एका गठ्ठ्यामागे दोन पाने चोरून घालवू नये.

चौथी गोष्ट, तिकडून काही आणासुद्धा. एका बाजूने रिकामा येणारा ट्रक दुप्पट भाडे घेतो. उप्पाड्याची जामदानी साडी नावाजलेली आहे आणि तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. 'जामदानी' हा शब्दच फारसीतून आला आहे. आपल्याकडे नागभीड, आरमोरीच्या बाजूला कोशाचे विणकर आहेत. आपले कोशाचे कापड तिकडच्या पेठेत आणि त्यांची जामदानी चंद्रपूरच्या बाजारात, असा दुतर्फा व्यवहार एखाद्या कापडवाल्याने करून पाहावा. तेथील विणकर कसा टिकला, त्याने मानांकनाचा उपयोग कसा केला, हे पाहून येण्यासाठी दोन दिवसांचे भाडे खर्च करणे वाया जाणार नाही.

पाचवी गोष्ट मुलांची. दुकान सांभाळणाऱ्या मुलाला तेलुगू लिहायला-वाचायला शिकवा. जीएसटीचा भरणा, निर्यातीचा परवाना, बँकेचा व्यवहार ही कामे त्याला स्वतः येऊ द्या. दर महिन्याला दुसऱ्याकडे फाईल घेऊन जाणारा व्यापारी आपल्या धंद्याचा अर्धाच मालक असतो. मुलींच्या हातात शिवण आणि नक्षीकामाचे हुन्नर आहे. त्यांचा मालही याच गाडीत जाऊ शकतो, त्याचा हिशेब त्यांच्या नावाने राहू द्यावा.

शेवटी

काही जण म्हणतील, आमच्याकडे एवढी ताकद कोठे? उत्तर असे की, होप आयलंड कोणी बादशहाने बांधले नाही. मुठी-मुठी वाळू एका जागी थांबली म्हणून ते बेट झाले. आपल्याकडे मुठी पुष्कळ आहेत, त्या एका जागी थांबत नाहीत ही अडचण आहे. एका मोहल्ल्यात दहा सुतार असतात आणि दहाही जण एकमेकांचा भाव पाडतात. एका पेठेत पाच लाकूडवाले असतात आणि पाचही जण एकाच नागपूरच्या दलालाकडे वेगवेगळे जातात. याला व्यापार म्हणायचे की भांडण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उंट आधी बांधावा आणि मग तवक्कुल करावा, ही शिकवण आपण मशिदीत ऐकतो आणि बाजारात विसरतो. येत्या हंगामात, पावसाळा संपून रस्ते कोरडे झाले की, दोन-चार विश्वासू माणसांनी मिळून राजमहेंद्री-काकीनाड्याची एक फेरी करावी. बाजार पाहावा, भाडे विचारावे, गोदामाचे दर विचारावे, आपल्या मालाचे चार नमुने दाखवावेत. परत आल्यावर जमातीत बसून हिशेब मांडावा. जमले तर पुढे जावे, न जमले तर कारण लिहून ठेवावे म्हणजे दुसऱ्याला उपयोगी पडेल. दीडशे वर्षांपूर्वी ही वाट दुसऱ्यांनी आपल्या फायद्यासाठी शोधली आणि सोडून दिली. ती आपल्या फायद्यासाठी आपणच शोधली पाहिजे. माती तर आपण फुकट पाठवली; यापुढे तरी आपली मेहनत किंमत घेऊन जावी. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.